कोटवाल्याचे बूट

आत्याच्या घरात मला पहिल्यांदा आवडली ती तिथली जमीन. आमच्या कोरेगावकडच्या घरात सोपा, म्हणजे पुढची ओसरी, लहान आणि माणसं आठ. जमीन अशी मोकळी कधी दिसायचीच नाही. कुणाचं ना कुणाचं अंथरूण, पाटी, नाहीतर घेवड्याचं पोतं तिच्यावर पडलेलं असे. विट्याजवळच्या आत्याच्या गावी मी आले तेव्हा माझी सातवी झाली होती. पुढची शाळा नदीपलीकडं, माझ्या पाठच्या तिघी बहिणी, आणि आत्या बाबांना म्हणाली, "दादा, एक पोर माझ्या हाताखाली दे. खाऊनपिऊन सुखी ऱ्हाईल." एवढ्यावर माझी शाळा संपली. रडले का, ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की आत्याच्या लांबरुंद सोप्यात उभी राहून मी पायाच्या तळव्यानं जमीन चाचपली आणि मनात म्हटलं, एवढी मोठी जमीन सारवायची म्हणजे मला इथं बरेच दिवस ठेवून घेतील.

परक्याच्या घरात राहणाऱ्या पोरीचं मन मांजरासारखं असतं. भांडं वाजलं तरी कान टवकारतात. मी ताटात अर्धी भाकरी घ्यायची, आत्या वरनं अख्खी टाकायची आणि म्हणायची, "खा गं मंगल, हितं कोण मोजतंय?" कोणी मोजत नव्हतं, मीच मोजत होते. सकाळी हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं उकळायला लागलं की त्याचा खरपूस वास सगळ्या घरात फिरे, आणि मला वाटे, आपण या वासाची परतफेड कशानं करणार? म्हणून कुणी सांगायच्या आत मी कामाला लागत असे. गोठा झाडायची, भांडी दोनदा घासायची, धुतलेली पोती पुन्हा धुवायची. आत्या हसून म्हणायची, "ही पोरगी एक दिवस मला बी घासून फळीवर लावील." पुढं जे झालं ते माझ्या आळसानं झालं नाही, हे आधीच सांगून ठेवते. ते माझ्या उपकाराच्या ओझ्यानं झालं.

आत्याच्या नवऱ्याला सगळं गाव अण्णा म्हणे, म्हणून मीही अण्णाच म्हणे. अण्णांचं कानपूरला गलईचं दुकान होतं. गलई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचा धंदा. आमच्या त्या भागातल्या घराघरातला एकेक पुरुष या भट्टीपायी कुठल्या कुठल्या शहरात जाऊन बसलेला. गावात पाऊस कमी, पण वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि जत्रेला, अशी माणसं परत आली की गावात टेरिकॉटचे शर्ट, हिंदी शिव्या आणि नवनवीन वस्तू यायच्या. अण्णांनी अशीच एकदा एक पेटी आणली. तिला दोन सरकती दारं होती आणि आत काच. गावातला तो पहिला टीव्ही.

रविवारी सकाळी अकराला त्याच्यावर एक हिंदी मालिका लागायची. मालिकेतल्या गुप्तहेराचं नाव काहीतरी भारदस्त होतं, पण ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. गावानं त्याला कोटवाला असं नाव दिलं आणि तेच पक्कं झालं. कारण तो कोट कधी काढतच नसे. बागेत कोट, समुद्रावर कोट, दवाखान्यात पडलेला दाखवला तेव्हाही चादरीखालून कॉलर उभीच. साडेदहालाच माणसं यायला लागत. पुरुष भिंतीकडं, बाया स्वयंपाकघराच्या दाराशी, पोरं अगदी काचेला नाक लावून. कुणीतरी माळवदावर अँटिना धरून उभा. "दिसतंय का?" "मुंग्या दिसत्यात!" "आता?" "आता मुंग्यांचा कोट दिसतोय!" असं चालायचं. चित्र आलं की अण्णा, गावी असले तर, खुर्चीत बसून हिंदीचं मराठी करून सांगत. ते नसले की गाव आपापल्या मनानं अर्थ लावी, आणि खरं सांगायचं तर ती गोष्ट जास्त चांगली असे.

हा कोटवाला कुठल्याही खोलीत शिरला की आधी नाक वर करून वास घ्यायचा आणि सांगायचा, इथं काल एक डावखुरा माणूस येऊन गेला, तो कर्जत नाहीतर कालिकतचा आहे आणि त्याचं भावाशी पटत नाही. विडीच्या राखेवरनं त्याला माणसाची उंची कळायची. भिंतीवरनं उडी मारली तरी केस हलायचे नाहीत. पिस्तुलातल्या गोळ्या कधी संपायच्या नाहीत. तिन्ही त्रिकाळ फिरत असूनही तो कधी जेवताना दिसला नाही, कधी एसटीची वाट बघत उभा राहिला नाही, आणि सव्वीस मिनिटं झाली की गुन्हेगार आपणहून, जरासं रडून, सगळं कबूल करायचा. आज मी विचार करते, आपण ह्या गोष्टीवर विश्वास कसा ठेवला? पण एक सांगते, पुरुषांनी ठेवला, बायांनी नाही. शेजारच्या तानूबाई म्हणून एक आजी होत्या. त्या तपकीर ओढत सरळ विचारायच्या, "ह्येचा कोट धुतं कोण?"

"त्येला नोकर असतील की, तानूआक्का."

"मग वाळंस्तवर घालतो काय?"

आत्याची तक्रार वेगळी. "मेला दुसऱ्याच्या घरात बूट घालून शिरतो. मयत झालेल्या घरात बी बूट! चोर बरा, त्यो निदान अनवाणी येतो." आणि यावर सगळ्या बाया माना डोलवत. कोटवाल्याला सगळं दिसायचं, पण आपण कुणाची जमीन खराब करतोय हे कधी दिसलं नाही.

त्या वर्षी अण्णा दिवाळीला आले ते राहिलेच. कानपुरातली जुनी जागा सोडावी लागली होती, नवी मिळेपर्यंत दीड-दोन महिने मोकळे होते. त्यांच्याबरोबर शिवादादा आला. शिवादादा आमच्याच मागच्या गल्लीतला, दहा वर्षं अण्णांच्या भट्टीवर काम केलेला. बोलणं कमी, अंगानं काटक, आणि भट्टीच्या आचेनं दोन्ही भुवया जळून गेलेल्या. अण्णांच्याही अर्ध्या जळालेल्याच होत्या म्हणा. दोघांनी मिळून स्टँडवरनं एक पोतं आणलं. तोंड निळ्या नायलॉनच्या दोरीनं शिवलेलं. अण्णांनी ते मागच्या खोलीत कोपऱ्यात ठेवलं. "काय हाय ओ त्यात?" आत्यानं विचारलं. "काय न्हाई. भट्टीचा कचरा," अण्णा म्हणाले आणि विषय संपला. मी तेव्हा गोठ्यात होते, हे आत्यानं मला मागाहून सांगितलं.

आता मला माहीत आहे त्यात काय होतं. लग्नानंतरचं सगळं आयुष्य मी या धंद्यातच काढलंय. गलईच्या दुकानात कचरा नावाची गोष्टच नसते. वितळताना, ओतताना, घासताना सोन्याचा कण उडतो आणि बसतो कुठंही. चटईत, झाडूत, भट्टीच्या विटेत, माणसाच्या बनियनीत. म्हणून तिथला केर बाहेर टाकत नाहीत, फाटकी चटई फेकत नाहीत. सगळं साठवायचं, जाळायचं, ती राख धुवायची आणि सोनं परत मिळवायचं. त्या पोत्यात कानपूरच्या दुकानाची वर्षानुवर्षांची माती होती. नव्या दुकानाची उभारणी अण्णा त्या मातीवर करणार होते. पण हे अण्णांना ठाऊक, शिवादादाला ठाऊक. बायकोला सांगितलं तर गावभर होईल, असा अण्णांचा हिशोब.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात आत्या म्हणाली, "सोप्याची जमीन उकरलीय बघ लोकांच्या बसण्यानं. पोपडं काढ आन नीट सारवून घे. माती मागल्या खोलीत पोत्यात हाय." मागच्या खोलीत दोन पोती होती. एक पांढऱ्या मातीचं, अर्धं संपलेलं, ढेकळांचं. दुसरं तोंड शिवलेलं. मी ते उसवून बघितलं तर आत राखेसारखी मऊ, काळसर, जड माती. मला वाटलं, ही खास सारवणाचीच असणार, म्हणून जपून ठेवली आहे. आणि माझ्या मनात आलं, चांगल्या मातीनं चांगलं सारवलं तर आत्या खूश होईल. चाळणीनं चाळून घेतली. खापऱ्या, विटांचे तुकडे वर राहिले ते उकिरड्यावर टाकले. शेणात कालवली, आणि दोन दिवस खपून सगळा सोपा सारवला. हाताची बोटं एका लयीत फिरवत, अर्धवर्तुळं एकाला एक जोडत. रिकामं पोतं धुतलं, दुमडून टाके घातले आणि अण्णांच्या खुर्चीपुढं पाय ठेवायला टाकलं. निळी दोरी छान मजबूत होती. ती मी वेणीच्या टोकाला बांधली.

जमीन अशी झाली की विचारू नका. तानूबाईंनी वाकून हात फिरवला. "आगं, ही जमीन हाय का तवा?" आत्यानं त्या दिवशी माझ्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. मी तो लगेच खाल्ला नाही, बघत बसले. इतकं कौतुक माझं त्याआधी झालं नव्हतं.

गुरुवारी अण्णा मागच्या खोलीत गेले आणि परत आले ते पांढरेफटक पडून. काय झालं म्हणून आत्यानं विचारलं तर "काय न्हाई". मग त्यांनी मला बोलावलं. "मंगल, मागच्या खोलीत कोण गेलं होतं का गं?" मी म्हणाले, "कोण न्हाई, अण्णा." मी खोटं बोलले नाही. त्या दिवसांत मी स्वतःला 'कोण' यात धरतच नव्हते.

दुसऱ्या कुणीही माणसानं चार ठिकाणी सरळ विचारलं असतं, "बाबांनो, माझं एक पोतं दिसंना झालंय." पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पण अण्णांनी कोटवाल्याचे दोन वर्षांचे भाग पाहिले होते, त्यांचं भाषांतर केलं होतं, आणि भाषांतर करता करता माणूस त्यातलाच होतो. शुक्रवारी सकाळी त्यांनी ट्रंकेतून कानपूरच्या थंडीतला लोकरी कोट काढला. काळे बूट काढले. सोन्याचा कस बघायचं भिंग खिशात घातलं. "आवं, कुठं निघालासा? कुणाचं लगीन हाय?" आत्यानं विचारलं. अण्णा कॉलर उभी करून बाहेर पडले.

दोन दिवस ते गावातनं फिरले. भर उन्हात लोकरीचा कोट घातलेला माणूस बघून कुत्री मागं लागली. देवळापाशी ते थांबत, नाक वर करत आणि वास घेत. पारावरची माणसं एकमेकांत म्हणाली, अण्णांस्नी सर्दी झालीय. ते कुणाला सरळ काही विचारत नसत. "मंगळवारी दुपारच्याला तू कुठं हुतास?" असं म्हणून डोळे बारीक करायचे. माणूस बिचारा सांगायचा, "रानात हुतो की." "त्येला साक्षीदार?" "म्हस हुती." आणि दर तासाभरानं ते घरी येऊन विचार करत सोप्यात येरझाऱ्या घालायचे. बूट घालून. माझ्या जमिनीवर. करकर करकर आवाज यायचा, टाचेनं पोपडा उडायचा, आणि मी दाराआडून बघत रडायची तेवढी बाकी राहायची. खाली वाकून ते भिंगानं बुटांचे ठसे बघत. ते त्यांचेच ठसे होते. दोन दिवसांत त्यांनी माझ्या वेणीकडं चार वेळा बघितलं असेल, पायाखालच्या पोत्यावर पाय पुसून तर कितीदा बाहेर गेले असतील. कोटवाला असता तर त्यालाही कळलं नसतं, एवढं मी आज छातीठोक सांगते. वासावरनं कालिकत ओळखणं सोपं असतं.

शनिवारी दुपारी त्यांनी आत्याला हळूच सांगितलं, "शिवा हाय." आत्या हातातल्या परातीसकट खाली बसली. "काय म्हणतासा? काय केलं त्यानं?" "ते उद्या. मालिका संपल्यावर. सगळ्यांदेखत." ती परात बाजूला सारून मला म्हणाली, "मंगल, ह्या धंद्यात माणसाकडं एकच गोष्ट असती. नाव. एकदा का कुणी म्हणालं, की ह्याचा हात बरा न्हाई, तर आसामपासनं मद्रासपातुर एक दुकान त्येला दारात उभं करणार न्हाई. सगळीकडं आपलीच माणसं. पत्र जायाच्या आधी बातमी जाती. त्येची बायको पलूसला बाळंतपणाला गेलीय. काय खातील ती?" आत्यालाही अजून माहीत नव्हतं की गेलंय काय. अण्णांनी साऱ्या गावाची उलटतपासणी केली, पण आपलं काय हरवलंय ते बायकोला सांगितलं नव्हतं.

रविवारी सोपा गच्च भरला. शिवादादाही आला, नेहमीसारखा मागच्या खांबाला टेकून बसला. मालिकेत त्या दिवशी कुठल्याशा राणीचा हार गेला होता. शेवटी कोटवाल्यानं नेहमीप्रमाणं सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा केलं आणि बोट वर केलं. नेमकं त्याच वेळी अण्णा खुर्चीतनं उठले, टीव्हीचा आवाज बंद केला आणि पडद्यापुढं उभे राहिले. मागं काचेत मुका कोटवाला हातवारे करतोय आणि पुढं कोट-बुटांत घामानं निथळणारे अण्णा.

"ह्या घरातनं एक वस्तू गेलीया," अण्णा म्हणाले. "आन नेणारा आत्ता ह्याच सोप्यात हाय. कुणी हलायचं न्हाई."

तानूबाई म्हणाल्या, "अण्णा, माझं कालवण चुलीवर हाय. चोर लवकर धर."

लोक हसले. अण्णा हसले नाहीत. "शिवा, हुबा ऱ्हा."

हसणं जागच्या जागी थांबलं. शिवादादा उठून उभा राहिला. अण्णांनी एकेक बोट मिटत पुरावे सांगायला सुरुवात केली. सायकलला नवा टायर कुठनं आला? दर रविवारी इथं का येतोस? तर गुन्हेगार गुन्ह्याच्या जागी परत येतोच. "मग समदं गावच येतंय की," मागनं कुणीतरी म्हणालं. अण्णा थांबले नाहीत. "आन मागल्या रविवारी सगळी हसली तवा हा एकटा हसला न्हाई. मी बघत हुतो."

"मला हिंदी इनोद कळत न्हाई, अण्णा," शिवादादा म्हणाला. त्याचा आवाज अगदी शांत होता. "काय गेलंय?"

"तुला ठावं हाय."

"लोकांस्नी न्हाई ठावं. माझं नाव घेतलंसा, आता वस्तूचं बी घ्या."

अण्णा घुटमळले. मालिकेत अशी पाळी कधी येत नसे. शेवटी म्हणाले, "माती."

अख्खा सोपा हसून फुटला. "माती?" "अण्णा, माझ्या परड्यातली दोन पाट्या घेऊन जा!" "आरं, मातीला कोण चोर लागतो?" अण्णा ओरडले, "आरं ती भट्टीची माती हाय! कानपूरच्या दुकानाची! सोनं हाय त्यात सोनं! निळ्या दोरीनं तोंड शिवलेलं पोतं, मागच्या खोलीतनं गेलं! हे मला ठावं आन ह्या शिवाला ठावं. तिसऱ्या कुणाला न्हाई!"

मी दारात कपांचं ताट घेऊन उभी होते. हात आपोआप वेणीकडं गेला. दोरी हाताला लागली. त्या एका क्षणात मला सगळं दिसलं. कोरेगावकडं जाणारी एसटी, माझी पिशवी, बाबांची खाली गेलेली मान, आणि लोक म्हणतायत, हीच ती, जिनं आत्याचं घर बुडवलं. गप्प राहिले असते तर कुणालाही कळलं नसतं. मी तेरा-चौदा वर्षांची, हाताखालची पोर. कोटवाल्याच्या कुठल्याच भागात सारवणारी मुलगी संशयित नव्हती.

शिवादादानं खांबाच्या खुंटीवरची आपली टोपी काढली, झटकली नाही, तशीच डोक्यावर घातली. "बरं हाय, अण्णा," तो म्हणाला. "दहा वर्सं तुमच्या भट्टीवर काढली. भुवया ठेवल्या तितंच. आता तुमी म्हणालासा ते म्हणालासा." आणि तो दाराकडं निघाला.

मला बोलता आलं असतं तर बरं झालं असतं. मी ताट खाली ठेवलं, कोपऱ्यातलं खुरपं घेतलं, शिवादादाच्या वाटेतच उंबऱ्याशी बसले आणि जमीन खरवडायला लागले. खर्रर्र. सगळे बघतायत. आत्या ओरडली, "अगं मंगल, येड लागलं का? परवा तर सारवलीस!" मी आणखी एक पोपडा काढला, ओंजळीत धरून शिवादादापुढं केला. त्यानं तो घेतला. बोटांनी चुरला. उजेडात नेला. आणि भुवया नसलेल्या त्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. आधी त्याला कळेचना, आणि मग तो हसायला लागला. दहा वर्षांत हसला नसेल तेवढा.

"अण्णा," तो म्हणाला, "सापडलं. गाव बसलंय त्याच्यावर."

सगळं गाव एकदम उठलं. आणि माणूस जमिनीवरनं उठला की काय करतो? बुडाची धूळ झटकतो. अण्णांनी फोडलेली किंकाळी मला आजही ऐकू येते. "झटकू नका! आरं कुणी झटकू नका! हाय तसं थांबा!" पुढचा तासभर जे चाललं ते कुठल्याही मालिकेत दाखवण्यासारखं नव्हतं. आत्यानं मोठी चादर अंथरली. एकेका माणसाला तिच्यावर उभं करून धोतर, विजार, लुगडं झटकून घेतलं. पोरांच्या चड्ड्या काढून घेतल्या. तानूबाई चादरीवर उभ्या राहून म्हणाल्या, "सत्तर वर्सांत कुणी माझी धूळ मोलाची मानली न्हाई. सावकाश झटका बायांनो." आणि मध्येच आत्या अण्णांकडं वळली. "समद्या गावाला इचारलंत. बायकूला इचारायला काय झालं हुतं?" अण्णा चादरीचं टोक सरळ करायला वाकले. मागं काचेत कोटवाला हार परत देऊन, नमस्कार घेऊन, निघून गेला होता.

मी कोपऱ्यात उभी होते. अण्णा माझ्यापुढं आले. मला वाटलं, आता हात उठेल. ते माझ्या वेणीच्या दोरीकडं बघत राहिले आणि म्हणाले, "मी तुला इचारलं हुतं." मी म्हणाले, "तुमी कोण म्हणालासा, अण्णा. मला वाटलं, दुसऱ्या कुणाबद्दल इचारताय." ते आत्याकडं वळून म्हणाले, "हिला जेवायला घाल."

पण गोष्ट इथं संपली नव्हती, कारण शिवादादा अजून दारातच उभा होता. गावासमोर नाव गेलं होतं. ते गावासमोरच परत यायला हवं होतं. आणि अण्णा माफी मागणाऱ्यांतले नव्हते. मग शिवादादा कारागिराच्या कोरड्या आवाजात म्हणाला, "अण्णा, खाली बसा. बूट काढा."

"बूट कशाला?"

"तीन दिवस ह्या जमिनीवर फिरलासा. सगळ्यात जास्त माल तुमच्याच तळव्याला हाय. गावभर हिंडलासा ती गोष्ट येगळी. बूट जाळावं लागतील."

अण्णांनी त्याच्याकडं बघितलं. मग जमिनीवर, सगळ्यांच्या मध्ये बसले, वाकले, आणि एकेक नाडी सोडली. दोन्ही बूट घेऊन उठले आणि दोन्ही हातांनी, देवापुढं नारळ धरावा तसे, शिवादादापुढं धरले. शिवादादानं ते घेतले. तानूबाई म्हणाल्या, "कोट बी घाला त्यात. इतक्या दिसांत धुतलेला न्हाई."

सोपा खरवडून तीन पोती माती निघाली. उकिरड्यावरच्या खापऱ्या मी स्वतः वेचून आणल्या. शिवादादानं परड्यात भट्टी लावली. रबराचा वास दोन दिवस गावावर होता. सोनं निघालं, थोडं कमी, पण दुकान उभं राहण्यापुरतं निघालं. अण्णा आणि शिवादादा एकाच एसटीनं कानपूरला परत गेले. जाताना अण्णांच्या पायात साध्या कोल्हापुरी चपला होत्या, आणि घरात शिरताना ते त्या उंबऱ्याबाहेर काढत, शेवटपर्यंत. मला कुणी कोरेगावला पाठवलं नाही. उलट सहा वर्षांनी शिवादादानं आपल्या धाकट्या भावासाठी मलाच मागणी घातली. "पोरगी बोलत न्हाई, पर खरवडून काढती," असं म्हणाला म्हणे. त्या भावानं मदुराईला गलईचं दुकान टाकलं, म्हणून मी आज मदुराईत आहे, घरापासून इतकी लांब, की इथल्या शेजारणींना हुलग्याचं माडगं सांगूनही कळत नाही. आत्यानं लग्नात माझ्या नाकात घातलेली चमकी त्या मातीतल्याच सोन्याची आहे. आमच्याकडं केर मी आजही विचारल्याशिवाय टाकत नाही.

मागच्या महिन्यात नातवानं मोबाइलवर तीच जुनी मालिका शोधून दिली. "आज्जी, हा बघ तुझा कोटवाला!" मी बघितलं. पोट सुटलेला, मिशी चिकटवलेला एक साधा माणूस. भिंतीवरनं उडी मारताना दुसराच कुणीतरी मारतो, हे आता स्पष्ट दिसतं. शिवादादा, म्हणजे माझे थोरले दीर, शेजारी बसले होते. भुवया त्यांच्या पुन्हा आल्याच नाहीत. पडद्यावर कोटवाला कुणाच्यातरी घरात बुटांसकट शिरला आणि शिवादादा गालातल्या गालात हसले.

"मंगल, एक सांगू? बूट जाळायची काय गरज न्हवती. बरशानं घासलं असतं तरी माल निघाला असता."

मी हसले. वाटलं, बघा, कसं फसवलं अण्णांना. भांडी घासताना मात्र हात थांबला. अण्णा तीस वर्षं गलईत होते. पोत्यातला कण कसा काढायचा, चटईतला कसा, चामड्यावरचा कसा, हे शिवादादाला शिकवलं कुणी? अण्णांनीच. बुटाला ब्रश पुरतो, हे त्या सोप्यात दोन माणसांना माहीत होतं. आणि त्यातला एक खाली वाकून, सगळ्या गावादेखत, मुकाट्यानं नाड्या सोडत होता.